९० दिवसांची कृतज्ञता डायरी: सगळं निगेटिव्ह वाटत असताना सुरू केली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही डायरी मी स्वतःहून घेतलेली नाही, ताईने दिली. मधले काही महिने माझं असं झालेलं की कुणी काहीही बोललं तरी मला त्यातलं वाकडंच दिसायचं. ऑफिसात कुणी म्हणालं आज प्रेझेंटेशन छान झालं, की माझ्या मनात यायचं म्हणजे आधीची छान नव्हती, आणि रात्री झोपायला गेलं की दिवसभरात जे जे बिनसलं ते परत परत डोक्यात फिरत राहायचं, एक संपलं की दुसरं. ताईला फोन केला तरी मी फक्त तक्रारीच करायचे. तिने दोन महिने सगळं ऐकून घेतलं आणि मग एक दिवस ही डायरी आणून हातात ठेवली. मला तेव्हा रागच आला, म्हणजे मी कृतघ्न आहे असं हिला म्हणायचंय का, असं वाटलं. तीन आठवडे डायरी कपाटात तशीच पडून होती.

आता नव्वदच्या नव्वद पानं भरून झालीत म्हणून लिहितेय. बरेच रिव्ह्यू पाच दिवस वापरून लिहिलेले असतात आणि पाचव्या दिवशी मला विचारलं असतं तर मी एक स्टार दिला असता.

डायरी कशी आहे ते पटकन सांगते. साईझ ए५, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, आत ९० दिवसांची पानं आणि दर सात दिवसांनी एक आठवड्याचं पान. उघडली की सपाट राहते त्यामुळे अंथरुणात बसून मांडीवर ठेवून लिहिता येतं, हे मला फार आवडलं. कागद पातळ आहे, जेल पेनाने लिहिलं की मागच्या पानावर उमटतं, साधं बॉलपेन वापरा. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पानांवर तारीख छापलेली नाहीये, आपण टाकायची, त्यामुळे चार दिवस राहिले तर चार कोरी पानं आपल्याकडे बघत बसत नाहीत. रोजच्या पानावर सगळ्यात वर एक सुविचार, त्याखाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, त्यातल्या एकाला गोल करायचा, मग "आज मी या ३ गोष्टींसाठी आभारी आहे" आणि तीन ओळी, आणि त्याच्याही खाली एकदम बारीक अक्षरात "हे कशामुळे घडलं?" आणि एकच ओळ. ही शेवटची बारीक अक्षरातली ओळ लक्षात ठेवा, माझ्या मते अख्ख्या डायरीत तीच कामाची आहे आणि छापणाऱ्यांनी तिला सगळ्यात कमी जागा दिलीय.

पहिला आठवडा फार वाईट गेला. पहिल्या दिवशी लिहिलं आईबाबा, तब्येत, नोकरी. दुसऱ्या दिवशी तब्येत, आईबाबा, घर. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी लिहिताना मला जाणवलं की मी हजेरी लावतेय, मनात काहीच हलत नाहीये. पाचव्या दिवशी तिन्ही ओळी कोऱ्या राहिल्या आणि मला आणखीनच अपराधी वाटायला लागलं की बघ, तुझ्याकडे एवढं सगळं आहे आणि तुला तीन ओळी सुचत नाहीत. त्यात सूचनांच्या पानावर असंही लिहिलंय की काही सुचलं नाही तर ज्यांच्याकडे हे नाही त्यांचा विचार करा. हे मला अजिबात पटलेलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून आपलं बरं चाललंय असं म्हणायचं, याने मला तरी बरं वाटलं नाही, उलट वाटलं की मला वाईट वाटण्याचाही हक्क नाही.

मागच्या कव्हरवर "विज्ञानाने सिद्ध झालेली पद्धत" असं मोठ्या अक्षरात छापलंय. म्हटलं सिद्ध झालंय तर मग माझ्यावर का चालत नाहीये, म्हणून मी रोज थोडं थोडं शोधून वाचायला लागले, आणि त्या वाचनाने मला डायरीपेक्षा आधी धीर दिला.

पहिली गोष्ट कळली ती म्हणजे वाईट गोष्टी मनाला जास्त चिकटतात हा माझ्या एकटीचा दोष नाहीये. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली यावर एक मोठा आढावा लिहिलाय, नाती, पैसे, लोकांनी आपल्याबद्दल केलेली मतं, सगळीकडे त्यांना हेच दिसलं की वाईटाचा परिणाम चांगल्यापेक्षा जास्त होतो. धोका आधी दिसणारा प्राणी वाचतो, त्यामुळे मेंदू तसा घडत गेला असावा असं मानतात. आणि दुसरीकडे चांगल्या गोष्टींची आपल्याला पटकन सवय होते. आईबाबा, तब्येत, नोकरी या गोष्टी खरोखर मोठ्या आहेत पण त्या रोज तशाच आहेत म्हणून मनाला त्या लागतच नाहीत. म्हणजे माझी यादी खोटी नव्हती, फक्त शिळी झाली होती.

मग कृतज्ञता लिहिण्याचा मूळ प्रयोग वाचला. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोघांनी २००३ साली तो छापला. त्यात विद्यार्थ्यांचे गट केले, एका गटाने कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायच्या, एकाने कटकटी लिहायच्या, एकाने नुसत्या घडलेल्या घटना. पहिल्या प्रयोगात हे लिखाण आठवड्यातून एकदाच होतं, दहा आठवडे. कृतज्ञतावाल्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं, पुढच्या आठवड्याबद्दल आशा जास्त होती, आणि त्यांनी व्यायामही जास्त केला होता. दुसऱ्या प्रयोगात रोज लिहायला लावलं, आणि तिसऱ्यात स्नायू आणि नसांचा आजार असलेली माणसं होती. हे वाचून मी थांबले, कारण ज्यांचं शरीर रोज त्रास देतंय अशी माणसंसुद्धा लिहू शकली, म्हणजे सगळं छान चाललेल्यांसाठीच हे आहे हा माझा समज चुकीचा होता.

पण माझं गाडं पुढे सरकलं ते २००५ च्या प्रयोगामुळे, मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा. त्यात लोकांना इंटरनेटवरून सांगितलं होतं की एक आठवडा रोज रात्री, आज चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहा आणि प्रत्येकीसमोर ती का झाली ते लिहा. आठवडाच फक्त, पण सहा महिन्यांनी विचारलं तरी त्या लोकांना जास्त बरं वाटत होतं आणि नैराश्याची लक्षणं कमी होती, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून चालू ठेवलं त्यांचा फायदा जास्त टिकला. हे "का झाली" वाचलं आणि मी डायरी काढून बघितली तर तीच ती बारीक अक्षरातली ओळ! पाच दिवस मी ती रिकामी सोडत होते, कारण "तब्येत" समोर कशामुळे म्हणून काय लिहिणार.

त्या रात्री मी वरच्या तीन ओळी सोडून दिल्या आणि एकच गोष्ट लिहिली. सकाळी मला उशीर झालेला, लिफ्टचं दार बंद होत होतं आणि आतल्या माणसाने हात घालून ते थांबवलं. बस. मग खाली, कशामुळे? कारण त्याने मागे वळून पाहिलं. त्याला स्वतःला घाई असणार, सकाळची वेळ होती, तरी त्याने पाहिलं. एवढं लिहून झाल्यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते कारण तो माणूस मला सकाळी दिसलाच नव्हता, मी आत शिरून मोबाईल काढला होता आणि मनात उशिराबद्दल चरफडत होते. चांगलं झालेलं माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं, रात्री लिहिल्यावर पोचलं.

आता एक भाषेचं बोलते, इथे ते महत्त्वाचं आहे. कृतज्ञ हा शब्द फोडला तर कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणणारा, एवढंच. आणि कृतघ्न म्हणजे केलेलं मारून टाकणारा. म्हणजे आपल्या शब्दातच आहे की कुणीतरी काहीतरी केलंय आणि ते तुला कळलं पाहिजे. आनंदी व्हा असं त्यात कुठेच नाहीये. हे लक्षात आल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, मूड खराब असला तरी केलेलं जाणता येतं ना, त्यासाठी हसरा चेहरा लागत नाही. डायरीतलं "मी आभारी आहे" हे वाक्य मला म्हणूनच खटकत होतं, असं आपण स्वतःशी कधी बोलतो का, ते समारंभात माईकसमोर बोलायचं वाक्य आहे. मी प्रत्येक पानावर ते खोडून "आज काय बरं झालं आणि कुणामुळे" असं लिहायला लागले. ज्यांना आभारी हा शब्द जड जातो त्यांनी हे नक्की करून बघा, बरं झालं हे आपण दिवसात दहा वेळा म्हणतो, त्याला कसली तयारी लागत नाही.

पाच चेहऱ्यांबद्दल माझी खरी तक्रार आहे. ते लिहायच्या आधी येतात आणि मूड वाईट असताना आधी रडक्या चेहऱ्याला गोल केला की आख्ख्या दिवसावर शिक्का बसतो, मग खाली काय चांगलं लिहिणार. मी नंतर नंतर आधी लिहून मग चेहरा करायला लागले. बऱ्याचदा तरी रडकाच केला, पण निदान विचार करून केला. वरचे सुविचारही नकोत. नेहमी हसत राहा छापाचे आहेत, ज्याला आतून बरं वाटत नाहीये त्याला ते टोचतात, मी त्यांच्यावर चिकटचिठ्ठी लावत होते.

आठवड्याच्या पानावर "१० गोष्टी लिहा" आहे, ते मी दुसऱ्या आठवड्यानंतर बंद केलं आणि का ते सांगते. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा एक प्रयोग आहे, त्यात लोकांना स्वतः ठामपणे वागल्याची उदाहरणं आठवायला सांगितली, काहींना ६ आणि काहींना १२. ज्यांना १२ आठवायला लावली त्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं, कारण शेवटची उदाहरणं आठवताना दमछाक झाली आणि त्यांना वाटलं की आपण तसे नसूच. मला वाटतं दहा गोष्टींच्या पानावर माझं हेच व्हायचं. सहा सुचायच्या आणि सातव्याला अडले की मनात यायचं, बघ, संपलं तुझं चांगलं. मूड वाईट असताना एक लिहा, नीट लिहा, ती पुरते.

रोज लिहावं का यावरही वाचलं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, तेच तेच लिहून ताजेपणा जातो असं त्यांचं म्हणणं. सेलिगमनचे लोक तर रोज लिहीत होते. मी मधला मार्ग काढला, रोज एकच ओळ आणि कशामुळे, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातली एक निवडून पानभर. माझ्यासारख्या माणसाला रोजचं सोडलं की सगळंच सुटतं म्हणून रोज ठेवलं, पण रोज तीन मोठ्या गोष्टींचा आग्रह सोडला. आणि कधी काहीच सुचलं नाही तर एक उलटा प्रश्न विचारायचा, अमुक माणूस मला भेटलाच नसता तर? २००८ साली मिन्क्युंग कू आणि सहकाऱ्यांनी बघितलं होतं की जोडीदार कसा भेटला हे लिहिण्यापेक्षा तो भेटलाच नसता तर कसं हे लिहिणाऱ्यांना नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. डायरीत हा प्रश्न नाहीये, असायला हवा होता. मी तो कव्हरच्या आत पेनाने लिहून ठेवला.

पहिल्याच पानावर २१ दिवसांचा तक्ता आहे, २१ दिवसांत सवय लागते म्हणे. नाही लागत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांचा अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं आणि माणसागणिक ते १८ पासून २५४ पर्यंत होतं. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही त्यात आहे. माझे पहिल्या २१ मधले ८ दिवस चुकले. त्या तक्त्याकडे बघून मी सोडूनच देणार होते, तो तक्ता नवीन माणसाला पळवून लावायला पुरेसा आहे. मला साधारण दहाव्या आठवड्यात, दात घासले की हात आपोआप डायरीकडे जायला लागला. दात घासल्यावर, ही जागा ठरवल्याने खूप फरक पडला, आधी "रात्री कधीतरी" असं होतं आणि रात्री कधीतरी म्हणजे झोप येईपर्यंत मोबाईल.

मोबाईलवरून आठवलं, मी मधे दहा दिवस एक ॲपही वापरून बघितलं. फुकट होतं, आठवण करून देत होतं, फोटो लावता येत होते. पण नोटिफिकेशन उघडलं की त्याच्या खाली ऑफिसचा मेसेज दिसायचा आणि मग काय लिहायचं होतं तेच विसरायला व्हायचं. मला वहीच जमली. ज्यांना प्रवासात लिहायचंय त्यांना ॲप सोयीचं पडेल.

आता सगळ्यात मोठी उणीव. या डायरीत वाईट लिहायला जागाच नाही. माझ्या मनात इतकं साचलेलं होतं की त्याच्यावरून उडी मारून चांगलं लिहिणं म्हणजे खोटं वाटायचं. शेवटी मी एक वेगळी वही केली आणि त्यात आधी जे काय आहे ते धडाधड लिहायचे, अक्षर बघायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, पंधरा मिनिटं आणि बंद. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं, लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. मलाही लगेच हलकं वाटलं नाही. पण राग कागदावर गेल्यावर लिफ्टवाला माणूस दिसायला जागा झाली. म्हणून जो कुणी माझ्यासारखा निगेटिव्ह असताना सुरू करणार आहे त्याने आधी तक्रार लिहावी, पोटभर लिहावी, आणि मग ती एक ओळ. तक्रार गिळून लिहिलेली कृतज्ञता माझ्या तरी अंगाला लागली नाही.

आणि हे नीट वाचा. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीवन्स यांनी अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतलाय, त्यात नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या या सरावांचा परिणाम होतो पण तो लहान आहे असं निघालं, आणि ज्यांना खरंच हा त्रास आहे त्यांनी फक्त यावर विसंबू नये, जास्त परिणामकारक उपचार घ्यावेत असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. कव्हरवर हे कुठेही छापलेलं नाही आणि ते छापायला हवं होतं. दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल तर डायरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा, घरातल्या कुणाला तरी सांगा. हातात वही देऊन कुणाला गप्प करू नका. आणि कुणी तुमच्याशी वाईट वागत असेल, त्रास देत असेल, तिथे कृतज्ञता शोधत बसायची गरज नाही, तिथून बाहेर पडायची गरज आहे.

मला काय फायदा झाला हे विचाराल तर माझ्या तक्रारी संपलेल्या नाहीत. ऑफिस तेच आहे, तिथली माणसं तीच आहेत. पण रात्री डोक्यात फिरणाऱ्या गोष्टींमधे आता एखादी दुसरी गोष्टही येते, आणि दिवसा काही बरं घडलं की मला ते घडतानाच कळतं, हे आज लिहिता येईल असं मनात येतं. हे सातव्या-आठव्या आठवड्यापासून व्हायला लागलं, त्याआधी नाही. प्रेझेंटेशन छान झालं असं परवा परत कुणीतरी म्हणालं आणि मी थँक्यू म्हणून मोकळी झाले, त्यातलं वाकडं शोधलंच नाही.

रेटिंग पाचपैकी साडेतीन. एक त्या बारीक अक्षरातल्या ओळीसाठी, एक तारीख नसलेल्या पानांसाठी, एक सपाट उघडणाऱ्या बांधणीसाठी आणि अर्धा शेवटच्या पानासाठी. साधी कोरी वही घेऊन वर "काय बरं झालं, कशामुळे" लिहिलंत तरी ऐंशी टक्के काम होईल, पण मी स्वतःहून कोरी वही कधीच घेतली नसती हेही खरं आहे. कुणाला भेट देणार असाल तर नुसती डायरी देऊ नका, सोबत सांगा की पंधरा दिवस काही वाटलं नाही तरी चालेल.

शेवटच्या पानाचं राहिलं. तिथे एक पत्र लिहायचंय, कुणीतरी आपल्यासाठी केलेल्या गोष्टीबद्दल, आणि ते फाडून त्या माणसाला द्यायचं किंवा वाचून दाखवायचं. मी हे टाळत होते, अवघडल्यासारखं होईल, समोरच्याला काय वाटेल. २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी हेच तपासलं होतं, लिहिणाऱ्यांना वाटतं समोरचा अवघडेल, पण तो त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडतो आणि जास्त सुखावतो. तेवढ्या भरवशावर मी लिहिलं, ताईलाच. डायरीबद्दल नाही लिहिलं. दोन महिने तिने माझ्या तक्रारी ऐकल्या, एकदाही फोन घाईत ठेवला नाही, एकदाही म्हणाली नाही की तुझं नेहमीचंच आहे, हे लिहिलं. फोनवर वाचून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "तीन आठवडे कपाटात ठेवली होतीस ना, मला माहीत होतं, म्हटलं राहू दे, काढेल कधीतरी." आणि मग तिला ते पत्र हातात हवं होतं म्हणून मी पान फाडायला घेतलं. फाडायची जागा टोचून ठेवलीय पण ती नीट टोचलेली नाहीये, पट्टी लावून हळू फाडा, माझ्या पत्राचा वरचा कोपरा डायरीतच राहिला.